मायलोमाच्या कॅप्सूल घरी घ्यायच्या कशा आणि सांभाळायचं काय काय

लातूरला हॉस्पिटलच्या मेडिकलवर बसतो मी. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर भांडण नको. मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे रक्ताच्या एका कॅन्सरचे, पेशंट आमच्याकडं धाराशिव, बीड, नांदेड, परभणी सगळीकडून येतात आणि कॅप्सूलचा डबा हातात घेताना बहुतेकांचं एकच वाक्य असतंय, "सलाईनवाली किमो नाही ना, मग बरंय, गोळ्याच हायेत." गडबड तिथूनच सुरू होते. सलाईनची किमो असली की डे-केअरमधे सिस्टर असते, रिपोर्ट बघूनच बाटली लावतात, काही झालं तर डॉक्टर दहा पावलांवर. कॅप्सूल घरी आली की ही सगळी कामं घरच्यांवर येतात. औषध मात्र तितकंच कडक आहे, म्हणून कुणी काय बघायचं ते जरा सविस्तर लिहितो.

औषधं तीन. थॅलिडोमाइड जुनं, लेनालिडोमाइड सध्या सगळ्यात जास्त चालणारं, आणि पोमॅलिडोमाइड, जे बहुतेक वेळा आधीच्या औषधांना आजार दाद देईनासा झाला की देतात. डॉक्टर लोक यांना इम्युनोमॉड्युलेटरी म्हणतात. मायलोमात हाडाच्या मगजातल्या (बोन मॅरोतल्या) प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात, त्या हाडं पोखरतात, रक्त कमी करतात, किडनी खराब करतात. कंबरदुखी म्हणून वर्षभर मलम चोळत बसलेले पेशंट आपल्याकडं काही कमी नाहीत. ही औषधं पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रोटीनला चिकटतात आणि ज्या दोन प्रोटीनच्या जीवावर मायलोमाची पेशी जगते त्यांचा निकाल लावतात, शिवाय आपली प्रतिकारशक्ती त्या पेशींच्या मागं लावतात. थॅलिडोमाइड सेरेब्लॉनला चिकटतं हे २०१० साली जपानमधल्या संशोधकांनी शोधलं, म्हणजे औषध मायलोमात चालतंय हे १९९९ पासून माहीत होतं पण का चालतंय त्याचा पहिला धागा सापडायला अकरा वर्षं गेली.

आता कॅलेंडर. लेनालिडोमाइड आणि पोमॅलिडोमाइड साधारणपणे २१ दिवस रोज एक कॅप्सूल आणि मग ७ दिवस सुट्टी, असं २८ दिवसांचं चक्र असतंय. बरेच जण महिना धरतात आणि एक तारखेपासून सुरू करतात, ते चूक. २८ दिवस म्हणजे बरोब्बर चार आठवडे, त्यामुळं पहिली कॅप्सूल सोमवारी घेतली तर तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी शेवटची, मग एक आठवडा बंद, आणि पुढचं चक्र परत सोमवारीच सुरू. वार बदलला की समजायचं कुठंतरी मोजणी हुकली, किंवा डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पुढं ढकललं असंल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर घ्यायच्या दिवसांना गोल करा, घेतली की त्यावर काट मारा, आणि हे काम घरातल्या एकाच माणसाकडं द्या. दोघं तिघं बघायला लागले की एकाला वाटतं दुसऱ्यानं दिली. थॅलिडोमाइडला बहुतेक वेळा सुट्टी नसते, ते रोज रात्री झोपताना, कारण झोप लई येते त्यानं.

सुट्टीचा आठवडा फुकटचा नाही. हाडाच्या मगजाला रक्तपेशी परत भरून काढायला तो वेळ लागतो. आणि सुट्टी संपली म्हणून नवा डबा आपोआप फोडायचा नाही, आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनीन (किडनीची तपासणी) करून डॉक्टरला दाखवायचं, फोटो पाठवून चालतंय का विचारा, बरेच डॉक्टर हो म्हणतात.

सोबत डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड असतंय, सगळे डेक्सा म्हणतात, आणि माझ्या मते घरी सगळ्यात जास्त चुका लेनालिडोमाइडच्या नाही, या डेक्साच्याच होतात. ते आठवड्यातून एकदा असतं, सहसा ४० एमजी, वय पंचाहत्तरच्या पुढं असंल किंवा तब्येत नाजूक असंल तर २० एमजी. आता ४ एमजीच्या गोळ्या मिळाल्या तर ४० म्हणजे एका वेळी दहा गोळ्या. माणूस दहा गोळ्या बघून घाबरतो आणि रोज एक घेतो. किंवा गावातल्या दुकानात स्ट्रीप संपली म्हणून अर्धा एमजीवाली छोटी गोळी आणतो आणि दहा खातो, म्हणजे ४० च्या जागी ५ एमजी पोटात गेलं. तेव्हा स्ट्रीपवरचा आकडा वाचा, चिठ्ठीवरचा आकडा वाचा, जुळला तरच घ्या. वार ठरवा, सकाळी नाष्टा करूनच, रात्री घेतली तर टक्क जागे राहाल. शुगर वाढते ती दुपारी संध्याकाळी, त्यामुळं सकाळची उपाशीपोटीची शुगर चांगली आली म्हणून खूश होऊ नका, डेक्साच्या दिवशी जेवणानंतरची पण बघा. एकादशी, नवरात्र, रमजानचे रोजे, यात डेक्साचा वार आला तर आपल्या मनानं काही ठरवू नका, आधीच डॉक्टरला विचारून ठेवा, ते वेळ बदलून देतात नाहीतर वार बदलतात. शुगरवाल्यांनी तर नक्कीच विचारा.

कॅप्सूल अख्खी गिळायची, पाण्यासोबत, रोज साधारण एकाच वेळी. जेवणाआधी का नंतर यानं फार फरक पडत नाही. फोडायची नाही, चावायची नाही, भाजीत दुधात मिसळायची नाही. गिळता येत नसंल तर डॉक्टरला सांगा पण फोडू नका. विसरलात आणि ठरलेल्या वेळेपासून १२ तास झाले नसतील तर आठवली तेव्हा घ्या, १२ तास उलटून गेले तर ती सोडून द्या आणि उद्याची उद्या. दोन एकदम कधीच नाही. घेऊन उलटी झाली तरी परत दुसरी घ्यायची नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा डबा एसटीच्या खिडकीत, गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या घरात पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका. घरातली सगळ्यात थंड कोरडी जागा बघा. फ्रिजची गरज नाही.

आता जो भाग लोकांना बोलायला अवघड जातो तो. थॅलिडोमाइड १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेची साधी गोळी म्हणून बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीसाठी पण दिलं गेलं, आणि हातपाय नसलेली, तोकड्या हातांची बाळं जन्माला यायला लागली. १९६१ च्या शेवटी ते मागं घेतलं तोवर जगभरात दहा हजारांच्या वर लेकरं बाधित झालेली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या औषध खात्यातल्या बाईंनी कागद पुरे नाहीत म्हणून परवानगी अडवून धरली, म्हणून तिथं वाचले. पुढं हेच औषध कुष्ठरोगातल्या गाठींच्या रिॲक्शनवर चाललं, मग मायलोमावर. लेनालिडोमाइड आणि पोमॅलिडोमाइड त्याच घराण्यातली, त्यामुळं गर्भाच्या बाबतीत तिघांनाही एकच नियम.

"आमचे आबा पासष्ट वर्षांचे, आम्हाला काय करायचंय" असं म्हणू नका, कारण आबांना गोळी देतं कोण? सून. एकत्र कुटुंबात सासऱ्याच्या गोळ्या, पाण्याचा तांब्या, सगळं सूनबाईच बघते, आणि ती गरोदर असंल किंवा लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असंल तर तिनं या कॅप्सूलला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी द्यावी. बाकीच्यांनी पण हातमोजे घालून दिली तर उत्तम, नाहीतर पेशंटनं स्वतः पाकिटातून काढून घ्यावी. कॅप्सूल फुटून पावडर अंगाला लागली तर साबण पाण्यानं धुवायचं. आठवड्याच्या डब्यात इतर गोळ्यांबरोबर मोकळी करून ठेवू नका, पाकिटातच राहू द्या, आणि लहान लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी जागा.

पुरुष पेशंटच्या वीर्यात औषध उतरतं, त्यामुळं बायको मूल होण्याच्या वयाची असंल तर औषध चालू असेपर्यंत, सुट्टीच्या आठवड्यात पण, आणि औषध कायमचं बंद झाल्यावर पुढं ४ आठवडे निरोध वापरायचा. नसबंदी झालेली असली तरी. मूल होण्याच्या वयाची बाई पेशंट असंल तर औषध सुरू व्हायच्या आधी गरोदरपणाची तपासणी, आणि ४ आठवडे आधीपासून ते बंद झाल्यावर ४ आठवड्यांपर्यंत गर्भ राहू नये म्हणून दोन उपाय एकदम. आपल्याकडं दोन लेकरांवर टाक्याचं ऑपरेशन झालेलं असतंय, बाई म्हणते माझं ऑपरेशन झालंय. ते दोनातला एक उपाय धरतात, दुसरा तरी लागतोच. गर्भपिशवी काढलेली असंल (ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत हे लई दिसतं, तो वेगळाच विषय आहे) तर हा प्रश्न उरत नाही, पण डॉक्टरला सांगायला लाजू नका. गर्भनिरोधक गोळ्या स्वतःहून सुरू करू नका, त्यातल्या इस्ट्रोजेननं रक्ताच्या गुठळीचा धोका अजून वाढतो. पाळी चुकली की कॅप्सूल तिथंच थांबवून त्याच दिवशी फोन. औषध चालू असताना आणि नंतर ४ आठवडे रक्तदान पण करायचं नाही, जयंतीचं शिबिर असो का अजून काही.

गुठळीचं निघालंच तर तेच आधी सांगतो, कारण जीवावर बेतणारं ते आहे. या औषधांनी, त्यात डेक्सा सोबत असंल तर जास्तच, पायाच्या शिरेत रक्त गोठू शकतं आणि ती गुठळी फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणूनच सोबत ॲस्पिरिनची छोटी गोळी किंवा रक्त पातळ करायचं दुसरं औषध किंवा पोटातलं इंजेक्शन लिहिलेलं असतं. बिल कमी करायला लोक सगळ्यात आधी हीच गोळी काढायला सांगतात, "ही तर हार्टची आहे, आम्हाला हार्टचं काही नाही." काढू नका, ती तुमच्या हार्टसाठी नाहीच. एकाच पायाला सूज, पोटरी दुखणं, गरम लागणं, लाल होणं, असं दिसलं तर पाय चोळायचा नाही, तेल लावून मालीश तर बिलकूल नाही, सरळ दवाखाना. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यात रक्त आलं, तर रात्री दोन वाजता पण निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. ज्यांना आधी कधी गुठळी झालेली, ज्यांचं हाड मोडून ते खाटेवर आहेत, ज्यांना रक्त वाढवायचं इरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चालू आहे, त्यांना धोका जास्त, हे डॉक्टरला आठवण करून द्या. लातूर ते मुंबई रेल्वेनं किंवा ट्रॅव्हल्सनं जाताना रात्रभर एका जागी पाय दुमडून बसू नका, मधे मधे उठून चाला, पाणी प्या.

रक्तपेशी कमी होणं हे लेनालिडोमाइड, पोमॅलिडोमाइडचं नेहमीचं. लेनालिडोमाइडला पहिली दोन चक्रं दर आठवड्याला सीबीसी करायला सांगतात, तिसऱ्यात दोनदा, नंतर महिन्याला एकदा. रिपोर्टवर तुम्ही दोनच आकडे बघायला शिका, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी). न्यूट्रोफिल १००० च्या खाली किंवा प्लेटलेट ३०,००० च्या खाली गेल्या तर सहसा औषध थांबवतात आणि वर आल्यावर कमी पॉवरचं सुरू करतात, त्यामुळं तसा आकडा दिसला की पुढची कॅप्सूल घ्यायच्या आधी फोन करा. प्लेटलेट उतरल्या की ॲस्पिरिनचं पण काय करायचं ते विचारायचं. लॅबमधे न्यूट्रोफिल टक्क्यात देतात, तो टक्का एकूण पांढऱ्या पेशींशी गुणून खरा आकडा काढावा लागतो, नाही जमलं तर आमच्यासारख्या कुणालाही काउंटरवर दाखवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर आला तर हे इमर्जन्सी समजा. पॅरासिटामॉल खाऊन उद्या बघू, असं नाही. घरात थर्मामीटर ठेवा, हात लावून ताप बघायचा जमाना गेला. आणि डेक्साच्या दिवसांत ताप दबून पण राहतो, तेव्हा थंडी वाजून आली, माणूस एकदम गळाला तरी निघा. गावातल्या डॉक्टरकडं जावंच लागलं तर फाइल पुढं ठेवा आणि सांगा की मायलोमा आहे, ही कॅप्सूल चालू आहे, पांढऱ्या पेशी कमी असू शकतात. नाहीतर ते बिचारे नेहमीचं करतात, एक सलाईन, एक डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन.

आणि डायक्लोफेनॅकचं मला दोन शब्द जास्तच बोलायचेत. मायलोमात किडनी आधीच धोक्यात असते. त्यात डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड या दुखण्याच्या गोळ्या, ज्या आपल्याकडं किराणा दुकानात पण मिळायलेत, त्या किडनीला अजून खाली ओढतात. लेनालिडोमाइड बाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे, किडनी मंदावली की ते अंगात साठतं आणि पेशी अजून पडतात. म्हणूनच क्रिएटिनीन क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, ३० ते ६० मधे आला की नेहमीच्या २५ एमजीच्या जागी साधारण १० एमजीवर आणतात, त्याच्या खाली अजून वेगळा हिशोब. दुखलं तर पॅरासिटामॉल, त्यानं भागलं नाही तर डॉक्टरकडून ट्रामाडॉल किंवा वरचं काही, पण मनानं नाही. भस्मं, मुळ्यांचे काढे, "कॅन्सर मुळापासून जातो" म्हणणारी पुडी, यांच्यावर माझा राग आहे, कारण त्यात काय घातलंय हे देणाऱ्यालाही माहीत नसतं आणि किडनी गेली की ही चांगली औषधं देता येत नाहीत. पाणी भरपूर प्या, सूज किंवा हार्टचा त्रास असंल तर किती ते विचारून. शेतात उन्हात गेला असाल तर अजून. उलट्या जुलाब लागले आणि पाणी टिकेना तर त्याच दिवशी कळवा.

बाकीचे त्रास पटपट सांगतो. पहिल्या महिन्यात अंगावर पुरळ, खाज येते, सौम्य असंल तर ॲलर्जीच्या गोळीवर भागतं. पण फोड आले, कातडी सुटायला लागली, तोंडात डोळ्यात जखमा, चेहरा सुजला, तर कॅप्सूल बंद आणि लगेच हॉस्पिटल, परत स्वतःहून सुरू करायची नाही. लेनालिडोमाइड लई महिने चाललं की काहींना जुलाब लागतात, सकाळी उठल्या उठल्या पळावं लागतं. तेल तूप कमी करून बघा, आणि सांगा, कारण हे बहुतेक वेळा पित्ताचे क्षार आतड्यात नीट शोषले न गेल्यानं असतंय आणि त्याला वेगळं औषध आहे, दही भात खाऊन ते थांबत नाही. थॅलिडोमाइडला उलटं, बद्धकोष्ठ, इसबगोल आणि पाणी चालू ठेवा. थॅलिडोमाइडची सुस्ती दिवसा पण राहते, मोटरसायकल आणि ट्रॅक्टर लांब ठेवा. पायात मुंग्या, तळवे बधिर, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं व्हायला लागलं तर थॅलिडोमाइडवाल्यांनी वाट बघू नका, नसांचं हे नुकसान कधी कधी कायमचं राहतं आणि डोस वेळेत कमी केला तरच आटोक्यात येतं. लोक याला थंडीनं म्हणतात, शुगरनं म्हणतात, आणि तीन महिने जातात. थायरॉइड मधे मधे तपासा. नागीण निघू शकते, त्यासाठी ॲसायक्लोव्हिर लिहिलेलं असंल तर ते संपलं म्हणून सोडू नका, आणि निघालीच तर मंत्र टाकणाऱ्याकडं नंतर जा, डॉक्टरकडं आधी. पोमॅलिडोमाइडवाल्यांनी बिडी सिगारेट सोडावीच, धुरानं त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे आपल्याकडं जुलाबाला सर्रास देतात ते त्याच्यासोबत चालत नाही, त्यानं प्रमाण वाढतं. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन चालू असंल तर दात काढायच्या आधी विचारा. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्या, जिवंत विषाणूच्या लसी टाळायच्या.

लेनालिडोमाइड वर्षानुवर्षं घेतलं तर दुसरा कॅन्सर व्हायचा धोका थोडा वाढतो हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. नेटवर हे वाचून एक दोन जणांनी औषध सोडायची भाषा केली. समोर जो मायलोमा आहे तो आजचा आहे, त्यामुळं बहुतेकांसाठी फायद्याचं पारडं जड राहतं, पण नवी गाठ, न भरणारी जखम, अशी गोष्ट तपासणीत दाखवत राहा. आणि बरं वाटायला लागलं म्हणून पण सोडू नका. कंबर थांबली, हिमोग्लोबिन चढलं, तरी आत काय आहे ते एम-प्रोटीन आणि फ्री लाइट चेनच्या (मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात त्या प्रोटीनच्या) रिपोर्टवर कळतं. ते दर वेळी एकाच लॅबमधून करा, नाहीतर आकडे जुळत नाहीत आणि उगाच घाबरायला होतं.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं डॉक्टर बोलले असतील तर पैशाची जुळवाजुळव होईस्तोवर वर्षभर कॅप्सूलच घेत बसू, असं करू नका. लेनालिडोमाइड जास्त चक्रं झालं की ट्रान्सप्लांटला लागणाऱ्या स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) कमी निघतात, म्हणून साधारण ४ ते ६ चक्रांनंतर त्या काढून ठेवायचं बघतात. ट्रान्सप्लांटनंतर परत कमी पॉवरचं, बहुतेक वेळा १० एमजी, लांबपर्यंत चालतं.

पैशाचं. लेनालिडोमाइड बऱ्याच भारतीय कंपन्या बनवतात, एकाच पॉवरच्या डब्याच्या किमतीत मोठा फरक असतो, दोन तीन ठिकाणी विचारा, विचारायला लाज कसली. पण पक्कं बिल, बॅच नंबर, एक्सपायरी बघूनच, आणि सुट्ट्या कॅप्सूल नको. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतंय ते योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, स्वतःच्या खिशातून चार डबे घेऊन झाल्यावर नाही. संभाजीनगरला शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल जवळ पडतं, आणि बरेच जण एकदा परळला टाटाला दाखवून प्लॅन लिहून आणतात आणि पुढचं इथल्या डॉक्टरकडं चालवतात. असं करत असाल तर तिकडच्या चिठ्ठीवर पॉवर, दिवस, डेक्साचा वार आणि कोणत्या आकड्याला थांबायचं हे स्पष्ट लिहून घ्या, कारण तिथला फोन लागेपर्यंत इथं चार कॅप्सूल पोटात गेलेल्या असतात.

पॉवर बदलली की जुन्या पॉवरच्या कॅप्सूल उरतात. २५ च्या उरल्या आणि आता १० दिल्या, तर दोन दिवसाआड २५ घेऊ, असला हिशोब करणारे भेटलेत मला, ते करू नका. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या पेशंटला पण देऊ नका, त्याची किडनी वेगळी, त्याच्या घरात कोण गरोदर आहे ते तुम्हाला माहीत नाही. उकिरड्यावर किंवा संडासात टाकायच्या नाहीत. पाकिटासकट पिशवीत बांधून पुढच्या तपासणीला हॉस्पिटलच्या मेडिकलवर आणून द्या, आम्ही त्या औषधी कचऱ्यात वेगळ्या पाठवतो.